एका द्राक्षाचे नाव-गाव

आपल्याकडे अनोळखी माणूस दारात आला, की त्याला आधी नाव विचारतात आणि लगेच गाव विचारतात. नुसत्या नावाने आपले समाधान होत नाही. गाव कळले म्हणजे माणूस कोणत्या पाण्यावर वाढला, त्याच्या घरी काय शिजते, त्याचे कुलदैवत कोणते, याचा अदमास येतो आणि मग खरे बोलणे सुरू होते. आपल्या समाजाने तर ही खूण आडनावातच बांधून ठेवली. गाव सुटून चारशे वर्षे लोटली, भाषा दोनतीनदा बदलली, धंदे बदलले. परंतु आडनावाच्या शेवटचा ‘कर’ काही सुटला नाही. सोळाव्या शतकात श्रीमंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळला यावे लागले, तर तिथे त्या वाडीलाच देवाचे नाव पडले आणि ती मंगेशी झाली. नाव गावाला चिकटते, गाव नावाला चिकटते. आणि दोन्ही एकत्र असली की काळाच्या धक्क्यांत त्यांतले एक तरी उरते.

हे सारे मला परवाच्या एका रविवारी, तारनाक्याच्या माझ्या घरी, जेवणाच्या मेजावर ठेवलेल्या दोन बाटल्या पाहून आठवले.

भाचा परदेशातून आला होता. त्याने एक बाटली तिकडून आणली होती आणि दुसरी येताना मुंबईत घेतली होती. दोन्ही पांढऱ्या द्राक्षमद्याच्या, म्हणजे आता सर्रास म्हणतात तसे व्हाइट वाइनच्या.

“मामा, दोन्हींत द्राक्ष एकच आहे,” तो म्हणाला, “शेनिन ब्लाँ. एक फ्रान्सची, एक आपल्या नाशिकची. तुम्ही वकील आहात, आता निवाडा द्या.”

मी चष्मा लावून दोन्ही लेबले वाचली. नाशिकच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘शेनिन ब्लाँ’ असे होते. गावाचे नाव पाठीमागे, पत्त्याच्या ओळीत. फ्रेंच बाटलीवर ‘व्हूव्रे’ हे एका गावाचे नाव ठळक होते, त्याखाली साल होते आणि द्राक्षाचे नाव कोठेच नव्हते. एकाने नाव सांगितले होते, गाव सांगितले नव्हते. दुसऱ्याने गाव सांगितले आणि नाव सांगण्याची गरजच मानली नव्हती. वाइन चाखण्यापूर्वीच खटल्यातला मुख्य मुद्दा माझ्यासमोर आला.

येथे वाचकांशी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. देवस्थानाशी बांधलेल्या आपल्या घरांतून या पत्राचे अंक वाचले जातात, आणि तेथे वाइनवर टीकालेख कशासाठी, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर नाही. हा लेख मद्यपानाचा पुरस्कार करीत नाही. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे, हे मी विसरलेलो नाही. मी स्वतः वर्षातून चारसहा वेळा, जेवणासोबत, एका पेल्यापुरती घेतो. सोमवारी, व्रताच्या व सणावाराच्या दिवशी नाही. ज्यांना ती वर्ज्य आहे त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझी आई त्यांतलीच आहे. परंतु ज्या वस्तूविषयी बोलायचेच नाही असे आपण ठरवतो, तिच्याविषयी दुसरे लोक आपल्या वतीने बोलू लागतात. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरवले, तेव्हा किती वाद झाला! वाइन म्हणजे दारू की नव्हे, एवढ्या एका प्रश्नावर महिना गेला. ती वाइन कशी आहे, कोणाच्या मातीतली आहे, तिच्यात काही सत्त्व आहे की नुसता देखावा, हे फारसे कोणी विचारले नाही. आपल्या शेतकऱ्याने पिकवलेल्या आणि जगापुढे मांडलेल्या वस्तूची परीक्षा करणे हे टीकेचे काम आहे. परीक्षेसाठी वस्तूवर प्रेम लागत नाही, लक्ष लागते.

आणि त्या दिवशी सर्वांत अधिक लक्ष दिले ते आईने. तिने पेला तोंडाला लावला नाही; नुसता हातात धरून वास घेतला. नाशिकच्या पेल्यावर ती चटकन म्हणाली, “पेरू. पिकायला आलेला.” फ्रेंच पेल्यावर मात्र ती बराच वेळ थांबली. “मध,” ती म्हणाली, मग जरा अवघडून, “आणि भिजलेली घोंगडी.” भाचा चकित झाला, कारण ल्वारकाठच्या शेनिनविषयी लिहिणारे तज्ज्ञ ओल्या लोकरीच्या वासाचा उल्लेख करतात, आणि आईने त्यातले एक अक्षर वाचलेले नाही. यातून मी एवढेच घेतले, की चवीचे शब्द परदेशातून आणावे लागत नाहीत. ते आपल्या घरात आहेत. आपण त्यांना या विषयात शिरू देत नाही इतकेच.

आता व्हूव्रेची हकिगत. फ्रान्समधली ल्वार नदी सुमारे हजार किलोमीटर लांब, त्या देशातली सर्वांत मोठी. तिच्या मधल्या टप्प्यात तूर नावाचे शहर आहे आणि त्याच्या पूर्वेला, नदीच्या उत्तर काठी, व्हूव्रे. तेथील दगड ‘तुफो’ नावाचा, फिकट आणि मऊ चुनखडीचा. याच दगडाने ल्वारकाठचे प्रसिद्ध राजवाडे बांधले गेले, आणि दगड काढून जी भुयारे राहिली त्यांत वाइन मुरत ठेवण्याची कोठारे झाली. घराची भिंत आणि वाइनची खोली एकाच खडकातून निघालेली.

शेनिनचा वेल मोठा त्रासदायक. त्याला अंकुर लवकर फुटतात, म्हणून वसंतातल्या हिमकडाक्याची भीती. आणि फळ उशिरा पिकते, म्हणून शरदातल्या पावसाची भीती. या द्राक्षाचा मूळ गुण म्हणजे त्याची धारदार आंबटी, आणि ती पूर्ण पिकल्यावरही जात नाही. त्यामुळे वर्ष जसे असेल तशी वाइन होते. थंड वर्षी ती कोरडी होते किंवा फेसाळ करतात. बऱ्या वर्षी किंचित गोड, जिला तेथे ‘दमी-सेक’ म्हणतात. आणि शरद लांबला, सकाळी धुके व दुपारी ऊन असे दिवस मिळाले, की बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षांना सुकवते आणि त्यांतून मधासारखी गोड वाइन निघते. तोडणी करणारे त्याच मळ्यात पुनःपुन्हा फिरून तेवढेच पिकलेले घड निवडतात. चांगल्या वर्षाची गोड व्हूव्रे अनेक दशके टिकते. तिला टिकवते तिची साखर नव्हे इतकी तिची आंबटी. आपल्या लोणच्यांचे जाणकार हे चटकन समजतील.

द्राक्षाचे नावही जुने आहे. राबलेने १५३४ च्या सुमारास ‘गार्गांत्युआ’त एक भांडण रंगवले आहे. द्राक्षमळे राखणारे धनगर आणि रोट विकणारे भटारी यांची मारामारी होते, आणि जखमी झालेल्या एका धनगराचे पाय शेनिन द्राक्षांनी शेकून बरे केले जातात. त्याच प्रसंगात ताज्या रोटाबरोबर द्राक्षे खाण्याचे कौतुकही आहे. कोणत्या पदार्थासोबत काय शोभते, या चर्चेचा आरंभ तेथे राजवाड्यात नव्हे, बांधावर झालेला दिसतो.

एवढे असूनही लेबलावर द्राक्षाचे नाव का नाही? कारण १९३५ साली फ्रान्सने मूळस्थानाच्या नावांना कायद्याचे कवच देणारी व्यवस्था उभी केली आणि १९३६ साली व्हूव्रे तिच्यात आले. हद्द कोणती, वेल कोणता, एकरी उत्पन्नाची मर्यादा किती, हे सारे ठरलेले. ‘व्हूव्रे’ म्हटले की शेनिन आलेच. वेगळे सांगणे म्हणजे लोटलीकरांना तुम्ही लोटलीचे का, असे विचारण्यासारखे. हद्दीपलीकडच्या शेजाऱ्याचे द्राक्ष कितीही चांगले असो, त्याला ते नाव घेता येत नाही. तेथे नाव हे वर्णन नाही, हक्क आहे; आणि प्रत्येक हक्काबरोबर येते तसे कर्तव्यही आहे.

नावाची विक्री आणि वस्तूची विक्री यांतला भेद व्हूव्रेच्या लोकांना जुन्या काळापासून कळत असावा. बाल्झाक तूरचा. १८३३ च्या त्याच्या एका कथेत गोदिसार नावाचा पॅरिसचा बोलघेवडा फिरता विक्रेता विमा आणि वर्तमानपत्रे खपवायला व्हूव्रेला येतो. गावकरी त्याला मुद्दाम एका वेड्याकडे पाठवतात, आणि हा चतुर माणूस त्या वेड्याकडून दोन पिंपे वाइन विकत घेऊन बसतो. ती पिंपे अस्तित्वातच नसतात! आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तो सौदा पहिल्याच सुनावणीत रद्द ठरेल. परंतु माल नसताना नाव विकले जाते, हा धोका त्या कथेपुरता नाही.

आता नाशिक. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही. त्याला कात्रीने झोपवावे आणि उठवावे लागते. म्हणून वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून; आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, फळ यावे म्हणून. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे व्हूव्रेचा वेल हिमात निजलेला असतो, तेव्हा त्याचा नाशिकचा भाऊबंद फळांनी लवलेला असतो. जमीन काळ्या दगडाची, सुमारे सहाशे मीटर उंचीची. हिवाळ्याच्या रात्री थंड, दुपारी ऊन कडक. अशा ठिकाणी शेनिनने मुळात तग धरला आणि आपली आंबटी काही अंशी तरी राखली, हे बागायतदारांचे कर्तृत्व आहे. सुला या कंपनीने २००० साली आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत शेनिन ब्लाँ होती; २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले; पाहता पाहता नाशिक हे वाइनचे केंद्र झाले.

माझा आक्षेप पुढे आहे. आपण फ्रान्सकडून वेल घेतला, यंत्रे घेतली, बाटलीचा आकारही घेतला. परंतु त्यांनी गावाला दिलेला मान मात्र घेतला नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ हे नाव भौगोलिक निर्देशांकाच्या नोंदवहीत २०१० च्या सुमारास चढले आहे. त्यासाठीचा कायदा आपण १९९९ साली केला, आणि त्याच कायद्याखाली गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये नोंदणी मिळाली. पण नोंद होणे आणि नांदणे यांत अंतर असते. फेणी म्हटले की गोवा डोळ्यांपुढे येतो. फेणीला पहिले नाव, आडनाव, सारे एकाच शब्दात आहे. ‘शेनिन ब्लाँ’ म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? दक्षिण आफ्रिकेत हाच वेल ‘स्टीन’ या नावाने तीनशे वर्षे नांदला; तो शेनिनच आहे हे तेथील जाणकारांना १९६० च्या दशकात नीट कळले. आज फ्रान्सपेक्षाही अधिक शेनिन तेथे पिकतो. म्हणजे नुसत्या द्राक्षाच्या नावावर ओळख सांगायची, तर नाशिकला त्या अफाट गर्दीत उभे राहून हात वर करावा लागेल. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की दिंडोरीचे नाव एका लाल वाइनवर आलेले आहे. तो आरंभ स्तुत्य आहे.

पण नाव मागण्याआधी वस्तू त्या नावाला शोभते का, हे पाहिले पाहिजे. म्हणून त्या रविवारच्या जेवणाची साक्ष नोंदवतो.

नाशिकच्या बाटलीच्या पाठीवर शिफारस होती, ‘मसालेदार भारतीय जेवणासोबत’. हे तीन शब्द म्हणजे पत्ता नसलेले पाकीट! कोणते भारतीय जेवण? आमच्या मेजावर तिरफळे घातलेले बांगड्याचे हुमण होते, रव्यात घोळून तळलेली मुडदुशी होती, दाळीतोय होते, खतखते होते. आणि शेजाऱ्यांनी पाठवलेले हैदराबादी बगारे बैंगनही होते. यांतल्या प्रत्येकाचा मसाला वेगळा, आंबट वेगळे. हुमणात कोकम, बैंगनात चिंच. एकात नारळ, दुसऱ्यात तीळ आणि शेंगदाणे.

फ्रान्समध्ये व्हूव्रेबरोबर नदीतले मासे लोण्याच्या आंबूस सारात देतात, किंवा सेंत-मोर नावाचे शेळीच्या दुधाचे चीज, ज्याच्या मधून गवताची एक काडी आरपार घातलेली असते. यामागचे तत्त्व साधे आहे: स्निग्धाला आंबट कापते, आणि आंबटापुढे आंबटच टिकते. हे तत्त्व आमच्या मेजाला लावून पाहिले.

तळलेल्या मुडदुशीबरोबर नाशिकची वाइन निःसंशय जिंकली. तिचा पेरूचा वास, हलकेपणा आणि स्वच्छ आंबटी तेलाला लिंबासारखी भिडली. व्हूव्रे तेथे जड वाटली. हुमणाबरोबर पारडे फिरले. नारळाचा दाटपणा आणि तिरफळाची जिभेला येणारी झिणझिण यांपुढे नाशिकचा पेला गप्प झाला. व्हूव्रेच्या किंचित गोडीने मिरचीचा दाह निवला आणि तिची आंबटी कोकमाच्या पातळीला येऊन उभी राहिली. बगाऱ्या बैंगनाने दोघींनाही घाम फोडला, तरी व्हूव्रे अधिक वेळ टिकली. साध्या दाळीतोयाला मात्र कोणाचीच गरज नव्हती, आणि सोलकढीपुढे दोन्ही निष्प्रभ. जेवणानंतरच्या मणगण्याने दोघींचा घात केला. पदार्थ वाइनहून गोड झाला, की वाइन नुसती आंबट लागते. जाता जाता एक सूचना: हैदराबादच्या उकाड्यात लोक बाटली शीतपेटीतून काढून लगेच ओततात. गारठलेल्या वाइनला वास नसतो. पंधरावीस मिनिटे थांबावे.

माझा निवाडा असा. नाशिकची वाइन पहिल्या घोटात प्रसन्न आहे, परंतु तिच्याजवळ सांगण्यासारखे फार नाही. पाऊण तासाने पेल्यात पेरूही उरला नव्हता. ती कोठूनही आलेली असू शकली असती, हा तिचा खरा दोष. व्हूव्रे आरंभी रुसल्यासारखी होती, तिला गंधकाचा थोडा वासही होता. पण जेवणभर ती बदलत गेली, आणि शेवटी आईला आलेला मधाचा वास मलाही आला. हा भेद रक्ताचा म्हणता येणार नाही. रक्त एकच आहे. ल्वारकाठी शेकडो वर्षे लोकांनी एकाच मातीला पुनःपुन्हा विचारले, की तू काय देऊ शकतेस? आपण बाजाराला विचारतो, की तुला काय हवे?

यात कोणाचे काय अडले, असे कोणी म्हणेल. उत्तर शेतकऱ्यापाशी आहे. २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घसरली, तेव्हा कित्येक बागायतदारांनी वाइनचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. ज्या वेलाला गावाचे नाव नाही, तो उपटताना गावाला दुखत नाही.

दुसरे उदाहरण मी राहतो त्या शहराचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादच्या एका बागेत अनाबेशाही द्राक्ष रुजले. अब्दुल बाकर खान यांना त्याचे श्रेय देतात. फिकट रंगाचे, टपोरे, लांबट, बियांचे फळ. वेलाला भरपूर लागणारे. येथून ते दख्खनभर गेले आणि शहराभोवती द्राक्षांचे मळेच्या मळे उभे राहिले. नाव केवढे भारदस्त, ‘शाही द्राक्ष’. परंतु त्या नावात हैदराबाद कोठेच नाही. पुढे शहर वाढले, जमिनीचे भाव चढले, मळ्यांचे भूखंड पडले. त्या वेळी कोणी न्यायालयात जाऊन, हे आमच्या गावाचे नाव आहे, याला हात लावू नका, असे म्हणू शकले नाही. कारण म्हणायला नावच नव्हते.

आणि व्हूव्रेत? पॅरिसहून तूरकडे वेगवान रेल्वेचा नवा मार्ग निघाला, तेव्हा तो व्हूव्रेच्या मळ्यांवरून जाणार होता. अखेर दीड किलोमीटरचा बोगदा खणून गाडी मळ्यांच्या खालून नेली, आणि १९९० पासून ती तशी धावते आहे. वर वेल, खाली आगगाडी. एका गावाच्या नावाने देशाच्या रेल्वेला वाकायला लावले.

नुसत्या नावाने सारे वाचते, असा माझा भाबडा समज नाही. मी ज्या तारनाक्याला राहतो, त्याचे नाव एका बागेच्या तारेच्या कुंपणावरून आणि नाक्यावरून पडल्याचे सांगतात. नाव आहे; तार नाही, बाग तर नाहीच. नावामागे कायदा हवा, कायद्यामागे शिस्त हवी, आणि शिस्तीमागे आपल्या मातीची चव ओळखणारी माणसे हवीत. यांतले शेवटचे काम कोणत्याही सरकारला करता येत नाही. ते तुमच्याआमच्या स्वयंपाकघरांत, आईने त्या दिवशी केले तसे, पेला तोंडाला न लावतासुद्धा करता येते.

जाताना भाच्याने विचारले, “मग मामा, पुढच्या वेळी कोणती आणू?”

मी म्हणालो, “नाशिकचीच आण. पण कोणत्या गावची, ते आधी विचार.”